सात म्हणजे सात

सोमवारी तू चाकणला रुजू होतेस, आणि तेही क्वालिटी विभागात, हे ताईनं फोनवर सांगितल्यापासून तुला काय द्यावं हेच माझ्या डोक्यात घोळतंय. घड्याळ, पेन, लॅपटॉपची बॅग हे कोणी ना कोणी देईलच. मी देतोय ते मुळात माझं नाही. येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर काठ्यांची बॅग वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या कॅडीनं ते मला दिलं आणि त्याच्या जोरावर मी कारखान्यातली पुढची १८ वर्षं काढली.

गोल्फ मी ४२व्या वर्षी शिकलो. कंपनीनं वरच्या लोकांसाठी सभासदत्व घेतलं होतं, त्यात माझाही नंबर लागला. त्याआधी आपल्या घरात ती काठी कोणी हातात धरली नव्हती. तुझे आजोबा एकदा कोर्स बघायला आले आणि त्यांनी विचारलं, एवढं पाणी नुसत्या गवताला घालतात? तो प्रश्न रास्त होता, आजही आहे. खेळ महागडा आहे, सगळ्यांच्या आवाक्यातला नाही, हे विसरून मी तुला काही सांगणार नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. माझा चेंडू झाडीत गेला. तिथून काढताना दोनदा काठी नुसतीच हवेत फिरली, तिसऱ्यांदा चेंडू हातभर सरकला, मग कसाबसा खळग्याभोवतीच्या ग्रीनवर आला आणि दोन पटमध्ये, म्हणजे हलक्या ढकलफटक्यांत, खळग्यात गेला. सोबत खेळणाऱ्यानं कार्ड काढून विचारलं, “किती?” मी म्हणालो, “पाच.” मला खरंच पाच वाटले होते. हवेत फिरलेले दोन मी धरलेच नव्हते.

आमच्या कॅडीला सगळे काका म्हणायचे. साठी उलटलेली, बोलणं मोजकं. पुढच्या होलच्या टीकडे चालता चालता त्यांनी माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर सात चिंचोके होते. प्रत्येक फटक्याला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायची त्यांची सवय. “साहेब, मारायची म्हणून काठी फिरवली की तो फटका,” ते म्हणाले. “लागला नाही तरी.” नियमही तेच सांगतो. मी मागे वळलो आणि सोबत्याला म्हटलं, सात. त्यानं पाच खोडून सात लिहिलं. कोणी हसलं नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. पुढच्या होलवर सगळे नेहमीसारखे खेळायला लागले.

या खेळात २०० यार्ड गेलेला टोला आणि वीतभर अंतरावरून ढकललेला चेंडू यांची किंमत सारखीच, एकेक. मोठ्या मैदानावर चार जण चार दिशांना पांगलेले असतात. झाडीत तुझा चेंडू हलला की नाही हे तुझ्याशिवाय कोणी पाहत नाही. बॉबी जोन्सचं उदाहरण गोल्फवाले नेहमी देतात. १९२५च्या यूएस ओपनमध्ये काठी चेंडूमागे ठेवताना चेंडू किंचित हलला. कोणीही पाहिलं नव्हतं, तरी त्यानं स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो विली मॅकफर्लेनकडून हरला. त्याचं कौतुक झालं तेही त्याला रुचलं नव्हतं. यात कौतुक करण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटायचं. मला ही गोष्ट कळायला वेळ लागला, कारण माझ्या खात्यावर उलटी गोष्ट जमा होती.

ती आता ऐक. ताईलाही मी ती सांगितलेली नाही. गोल्फ शिकायच्या आठेक वर्षं आधीची आहे. महिनाअखेर होती. बुशचा एक लॉट होता, त्यात बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन शतांश मिलिमीटरनं मोठं येत होतं. डिस्पॅचची गाडी दारात उभी. लिमिटमध्ये आहे असं लिही, असं मला कोणीही सांगितलं नाही. मी आपणहून तसं लिहिलं. लिहायला एक सेकंद लागला. माल परत आला, चौकशी झाली आणि मशीनवरच्या ऑपरेटरला मेमो मिळाला. त्यानं माप बरोबर सांगितलं होतं, चुकीचं लिहिलं होतं मी. दोन दिवस मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये मी त्याच्यासमोर जाऊन बसलो तेव्हा त्यानं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन जेवला. एक शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वरिष्ठांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्याचा मेमो मागे घेतला, माझी बढती दोन वर्षं लांबली. बढतीचं दुःख केव्हाच विरलं. ते उचललेलं ताट अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून काकांनी पुढे जो नियम शिकवला तो मला पहिल्याच फटक्यात समजला. चेंडू झुडपात असा अडकला की खेळणं शक्य नाही, तर खेळाडूनं तसं सांगून टाकायचं. ठरवायचं त्यानंच, कोणाची परवानगी लागत नाही. एका फटक्याचा दंड घ्यायचा आणि दोन काठ्यांच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकून पुन्हा खेळायचं. नवखा माणूस तो एक फटका वाचवायला जातो आणि झुडपात चार घालवतो. मीही घालवलेत. काका म्हणायचे, “साहेब, दंड लगेच भरला तर स्वस्त पडतो.”

तुझ्या हातून चूक होईल. बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतच होईल. गेज चुकीचा उचलशील, ड्रॉइंगची जुनी प्रत समोर ठेवून तपासशील, नमुने पाच घ्यायचे तिथे तीन घेशील. त्या दिवशी, त्याच शिफ्टमध्ये सांग. आधी माल बाजूला काढून लाल टॅग लाव, मग साहेबांकडे जा. सांगताना तीनच गोष्टी सांग: काय झालं, किती नगांना झालं, ते नग आत्ता कुठे आहेत. का झालं हे विचारतील तेव्हा सांग. माणूस कारणापासून सुरुवात करतो तेव्हा ऐकणाऱ्याला ती सबब वाटते, खरं असलं तरी. आणि मशीनवरच्या माणसाचं नाव आपल्या तोंडातून पहिलं कधी काढायचं नाही. मी २६ वर्षं क्वालिटीत होतो. लगेच सांगितलेल्या चुकीनं कोणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलं नाही. लपवलेल्या चुकीनं गेलेली पाहिली आहे, दोनदा.

सहीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तुझं काम सहीचंच आहे. स्पर्धेत खेळाडूचा स्कोअर त्याचा सोबती लिहितो आणि शेवटी खेळाडू तपासून सही करतो. १९६८च्या मास्टर्स स्पर्धेत, ऑगस्टाला, अर्जेंटिनाचा रोबेर्तो दे विसेन्झो शेवटच्या दिवशी अप्रतिम खेळला. त्या दिवशी, १४ एप्रिलला, त्याचा ४५वा वाढदिवस होता. १७व्या होलवर त्याला तीन फटके लागले, पण सोबतच्या टॉमी आरननं कार्डावर चार लिहिले. विसेन्झोनं न बघता सही केली. सही केलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा असेल तर तोच धरायचा, असा नियम. ६५चे ६६ झाले. बॉब गोल्बीशी बरोबरी होऊन दुसऱ्या दिवशी प्ले-ऑफ झाला असता, तो झालाच नाही, गोल्बी जिंकला. विसेन्झोनं आरनला बोल लावला नाही, स्वतःलाच लावला. हजारो लोकांनी तो चेंडू तिसऱ्या फटक्याला खळग्यात पडताना पाहिला होता. त्यांच्या पाहण्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा रिपोर्टवर सही करण्याआधी प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून वाच. मनात नको, ओठ हलवून वाच, त्यानं डोळा निसटत नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. आणि “मॅडम, तुम्ही फक्त सही करा” असं कोणी म्हणालं की उभ्यानं सही न करता खुर्ची ओढून बस आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात कर. असं दोनदा केलंस की तिसऱ्यांदा तुला कोणी तसं म्हणणार नाही.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगतो. हरवलेला चेंडू किती वेळ शोधायचा याला मर्यादा आहे. आमच्या वेळी पाच मिनिटं होती, २०१९पासून तीन झाली. तेवढ्यात सापडला नाही तर दंड घेऊन खेळ पुढे न्यायचा, मागचे लोक खोळंबलेले असतात. मीटिंगमध्येही हे लक्षात ठेव. बंकरमधून निघताना आपल्या पावलांवर दाताळं फिरवायचं. ग्रीनवर चेंडू पडून खड्डा झाला असेल तर तो बुजवायचा, आणि जवळपास दुसऱ्याचा राहून गेलेला दिसला तर तोही. मी इन्स्पेक्शन टेबल सोडताना गेज पुसून, तेल लावून जागच्या जागी ठेवायचो. पुढच्या शिफ्टच्या माणसाशी माझी कधी भेटही व्हायची नाही, पण त्याला माझं नाव माहीत होतं. साहेबांशी खेळायची वेळ आली तर मुद्दाम हरू नकोस. आमच्यातला एक जण सोपे पट चुकवायचा. साहेबांना ते दुसऱ्याच होलवर कळलं, आणि नंतर त्यानं दिलेल्या कुठल्याही आकड्यावर त्यांचा विश्वास बसेना.

आणखी एक, मला फार उशिरा उमजलेलं. गोल्फमध्ये हँडिकॅप असतो, म्हणून कच्चा आणि पक्का खेळाडू एकत्र खेळू शकतात. २०२०पासून जगभर त्याची एकच पद्धत आहे. तुझे शेवटचे २० खेळ बघायचे, कोर्स किती अवघड होता ते धरायचं आणि त्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ खेळांची सरासरी काढायची. म्हणजे हँडिकॅप सांगतो तो तुझा चांगला दिवस. बाकीचे बरेचसे दिवस तू त्याहून वाईटच खेळणार, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. मी मात्र कारखान्यात स्वतःला रोज त्या आठांच्या मापानं मोजत होतो आणि हाताखालच्यांना त्यांच्या उरलेल्या बारांवरून. हे उलटं आहे, हे मला निवृत्तीच्या जेमतेम तीन वर्षं आधी दिसलं. तोवर काही चांगली पोरं माझ्या तोंडामुळे दुसरीकडे गेली होती. तुझ्या हाताखाली कोणी येईल तेव्हा त्याचे चांगले आठ शोध. सापडेपर्यंत मत बनवू नकोस. तुझा स्वतःचा दिवस वाईट गेला तर आकडा खरा लिही, घरी जा, जेव आणि झोप.

काकांना त्या कोर्सचा प्रत्येक चढउतार पाठ होता. कुठल्या ग्रीनवर चेंडू कुठे वळेल हे ते लांबून सांगायचे. तरी आमच्यातले काही जण त्यांच्याकडे न बघता नुसता हात पुढे करायचे, काठी मागायला. मीही सुरुवातीला तसाच होतो. अली शेर दिल्ली गोल्फ क्लबमध्ये कॅडी होता आणि १९९१ची इंडियन ओपन जिंकून गेला. भारतीय व्यावसायिकांत तो पहिला. शिव शंकर प्रसाद चौरसियाचे वडील रॉयल कलकत्त्यात ग्रीनची निगा राखायचे. त्या मुलानं २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा ती स्पर्धा जिंकली. माल चढवणारा, ग्राइंडिंगवरचा, झाडू मारणारा, या प्रत्येकाला आपल्याला नसलेली काही ना काही माहिती असते. पहिल्या आठवड्यात लाइनवरच्या सगळ्यांची नावं पाठ कर. वयानं मोठ्यांना दादा, काका, मावशी म्हण. मशीनचा आवाज बदलला की त्यांना आधी कळतं, आणि विश्वास असेल तर ते तुला सांगतात.

काका जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटी त्यांच्या गुडघ्यांना बॅग उचलवेना, तरी कोर्सवर येऊन झाडाखाली बसायचे आणि मी १८ होल करून आलो की विचारायचे, किती? मी सांगायचो. ९७ असेल तर ९७. ते मान हलवायचे आणि चहा मागवायचे.

रविवारी सकाळी साडेपाचला तुला न्यायला येतो. आईला डबा करायला लावू नकोस, परतताना कुठेतरी मिसळ खाऊ. कॉलरचा टी-शर्ट घाल, जीन्स तिथे चालत नाही. टोपी आणि पाण्याची बाटली घे, सात-आठ किलोमीटर चालणं आहे. आणि दोन्ही बाजूंना खोल खिसे असलेली पँट बघ. चिंचोके मी घेऊन येतो.