कोंबड्या, गोचिडी आणि माकडताप

काजूचा हंगाम आला की दोडामार्ग-बांदा भागातून दवाखान्यात येणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, कोंबड्या गोचिडी खातात म्हणे. मग परसात कोंबड्या असल्या की माकडतापाची भीती नाही ना?" यातली पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी मात्र तशी नाही.

कोंबडी गोचीड आवडीने खाते. गोठ्यात बसलेल्या गुरांच्या पोटाशी, कासेजवळ चोची मारत फिरणाऱ्या कोंबड्या आपण पाहतोच. केनियात 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुरांमध्ये अर्धा-एक तास फिरलेल्या कोंबड्यांच्या पोटातील गोचिडी मोजल्या, तेव्हा सरासरी प्रत्येकी 81 निघाल्या! रक्त पिऊन मण्यासारखी फुगलेली मादी गुराच्या अंगावरून गळते, भिंतीच्या फटीत किंवा केरकचऱ्यात शिरते आणि तेथे हजारावर अंडी घालते. तिला आधीच कोंबडीने टिपले की पुढची सारी पिलावळ टळली. (गायबगळ्याला मात्र याचे श्रेय जरा जास्तच मिळते. तो मुख्यतः गुरांच्या पायांनी उडालेले नाकतोडे खातो.) गुरांना गोचिडीचे औषध लावले असेल, तर तेवढे दिवस कोंबड्या गोठ्यात सोडू नयेत. औषध लागलेल्या गोचिडी त्यांच्या पोटात जातात.

आता माकडतापाचे पाहू. हा विषाणूचा आजार 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. 2016 साली आपल्या सिंधुदुर्गात त्याची साथ आली. माणसाला चावते ती बहुधा गोचिडीची मोठी मादी नव्हे, तर तिचे अर्धवट वाढलेले पिलू. ते जेमतेम खसखशीएवढे असते आणि डिसेंबर ते मे या काळात जंगलातील पातेऱ्यात, झुडपांवर असते. नेमके याच दिवसांत आपण पातेरा गोळा करतो, लाकडे आणतो, काजू वेचतो. दारातली कोंबडी तेथे कशी पुरणार? रानात चरणारी गुरे मोठ्या गोचिडींना भरपूर रक्त पुरवतात आणि त्यांची पैदास वाढवतात, एवढ्यापुरता कोंबड्यांचा हातभार मी मानतो.

म्हणून रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोज्यांत खोचलेली पँट आणि किडे दूर ठेवणारे मलम हवेच. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी, काखा, जांघा, कानामागची जागा पाहावी. पातेऱ्याचा भारा घराजवळ रचू नये. गोचीड चिकटलीच, तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल किंवा पेटती काडी नको, आणि नखाने चिरडणे तर मुळीच नको.

चावल्यानंतर साधारण 3 ते 8 दिवसांत एकाएकी जोराचा ताप, कपाळ ठणकणे, अंग मोडून येणे, उलट्या, कधी हिरड्यांतून रक्त अशी लक्षणे दिसतात. या विषाणूवर खास औषध नाही, पण वेळीच सलाईन व देखरेख मिळाली तर बहुतेक रोगी बरे होतात. रक्तस्रावाचा धोका असल्याने ॲस्पिरीन घेऊ नये. डॉक्टरांना रानात गेल्याचे आपणहून सांगावे. आणि रानात माकड मरून पडलेले दिसले, तर जवळ न जाता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.