गुरुजींनी दिलेले काम

कोकणात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. एका बाजूस लांबच लांब पुळण, तिच्या कडेने नारळी-पोफळीच्या बागा आणि गावात दुर्गादेवीचे जुने देऊळ. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या देवळात गावकरी जमत आणि एक शाळकरी मुलगा हातात वर्तमानपत्र घेऊन त्यांना ते वाचून दाखवीत असे. देवळात पुराण ऐकण्याची लोकांना सवय होती. पण येथे वाचणारा पुराणिक नव्हता आणि वाचले जात होते ते पुराणही नव्हते.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढे स्त्रीशिक्षणासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले आणि ज्यांना लोक आदराने ‘महर्षी’ म्हणू लागले, तेच हे अण्णासाहेब कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे, आपल्या आजोळी झाला. बालपण मात्र मुरुडास गेले. घरची स्थिती बेताचीच होती. धोंडो अभ्यासात चांगला होता, पण स्वभावाने फार लाजाळू. चार माणसांत बोलायचे म्हटले की त्याला संकोच वाटे. अशा मुलाला भर देवळात वाचावयास कोणी बसविले?

ते काम त्याच्या गुरुजींचे. विनायक लक्ष्मण सोमण हे त्यांचे नाव. मुलांना धडे शिकविले की आपले कर्तव्य संपले, असे मानणारे ते शिक्षक नव्हते. गावाचे भले व्हावे ही त्यांना तळमळ होती आणि त्या कामात ते आपल्या विद्यार्थ्यांनाही ओढून घेत. त्या काळी खेड्यात वर्तमानपत्र विरळाच येई आणि ज्यांना वाचता येई अशी माणसेही थोडीच होती. तेव्हा ज्याला वाचता येते त्याने इतरांना वाचून दाखवावे, असे गुरुजींनी ठरविले आणि ते काम धोंडोकडे सोपविले.

काम दिसावयास लहान होते. परंतु त्यात केवढे शिक्षण होते, हे पाहा. धडा वाचताना एखादा शब्द अडला तर आपण तो गाळून पुढे जातो. पण समोर वडीलधारी माणसे ऐकत बसली असतील आणि त्यांतील एखाद्याने ‘याचा अर्थ काय रे बाळ?’ असे विचारले, तर काय करावयाचे? तेथे चुकवाचुकवी चालत नाही. अर्थ स्वतःला कळलेला असावा लागतो आणि तो सोप्या शब्दांत सांगता यावा लागतो. शेवटच्या माणसाला ऐकू जावे म्हणून आवाजही मोकळा करावा लागतो. आपल्याला जे येते ते आपल्यापुरते ठेवावयाचे नसते, ही गोष्ट धोंडो कोणाच्या व्याख्यानातून शिकला नाही. ती तो त्या देवळात, वर्तमानपत्राची घडी उलगडता उलगडता शिकला.

पुढे गुरुजींच्या पुढाकाराने गावात एक दुकान निघाले. ते कोणा एका व्यापाऱ्याचे नव्हते. अनेकांनी थोडेथोडे भांडवल घालून ते उभे केले होते. या दुकानातही धोंडोने काम केले. दुकानात बसणे म्हणजे नुसते तागडी धरणे नव्हे. माल किती आला, किती गेला, उधारी कोणाकडे राहिली, हे सारे वेळच्या वेळी लिहावे लागते. स्वतःच्या खिशातील पैसा हरवला तर नुकसान आपलेच होते. पण दहा जणांच्या पैशाचा हिशेब चुकला तर दहा जणांचा विश्वास जातो. हे दुकान फार काळ टिकले नाही. तथापि सार्वजनिक पैसा कसा सांभाळावा, याचा पहिला धडा धोंडोला तेथेच मिळाला. काम बुडाले म्हणून शिक्षण बुडाले नाही.

गुरुजींजवळ राहून धोंडो आणखी एक गोष्ट शिकला. ती म्हणजे चिकाटी. तिची कसोटी १८७५ साली लागली. मराठी सहाव्या इयत्तेची परीक्षा उतरल्यावाचून सरकारी नोकरी मिळत नसे. ही परीक्षा देण्यासाठी धोंडो आपल्या सोबत्यांबरोबर साताऱ्यास पायी निघाला. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे किलोमीटर! वरून मुसळधार पाऊस, पायांखाली निसरडी डोंगरवाट आणि मध्ये सह्याद्रीचा उभा चढ. भिजत, थकत, तरीही न थांबता ही मुले साताऱ्यास पोहोचली.

परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षांचे वय लागत असे. धोंडोला सतरा पुरी झाली होती. पण त्याची अंगकाठी लहान. परीक्षा-समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि तो सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षेस बसू देण्याचे नाकारले. एवढी पायपीट व्यर्थ गेली. त्या मुलाच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

घरी परतताना वाट तेवढीच लांब होती. पण धोंडोने अभ्यास सोडला नाही. पुढे कोल्हापूर येथे तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. नंतर त्याने इंग्रजी शिक्षण सुरू केले, मुंबई गाठली आणि १८८१ साली तो मॅट्रिक झाला. त्या वेळी त्याचे वय तेवीस वर्षांचे होते. आपल्याहून लहान मुलांबरोबर बाकावर बसून शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. १८८४ साली तो बी. ए. झाला.

विद्या मिळाली, मुंबईत नोकरीही मिळाली. पण देवळातील ती श्रोतेमंडळी ते विसरले नाहीत. आपल्या गावाच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ सुरू केला. १८९१ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्या काळी विधवा स्त्रियांचे हाल पाहून त्यांचे मन कळवळे. त्यांना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करावे, या हेतूने त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे पुण्याबाहेर हिंगणे येथे माळावर एक झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे गेला. कॉलेजातील काम आटोपून, आश्रमाला लागणारे सामान घेऊन, कर्वे चिखल तुडवीत हिंगण्याची वाट चालत. साताऱ्याची वाट चाललेल्या पायांना ही वाट जड वाटली नसेल.

या आश्रमाच्या कामातूनच पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ निर्माण झाले. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने प्रसिद्ध आहे. एवढ्या मोठ्या कामाला पैसा लागतो. तो जमविण्यासाठी चारचौघांत बोलावयास लाजणारे कर्वे लोकांच्या दारोदार गेले. सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, ते परदेशप्रवासास निघाले आणि तेथेही आपल्या संस्थेचे कार्य त्यांनी लोकांना समजावून सांगितले. त्यांचा लाजाळूपणा सर्वस्वी गेला होता असे नव्हे. पण काम लोकांचे असले की तो बाजूस ठेवता येतो, हे ते मुरुडासच शिकले होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या ‘आत्मवृत्त’ या ग्रंथात कर्वे यांनी सोमण गुरुजींचे ऋण कृतज्ञतेने मान्य केले आहे. मुलांनो, महर्षी कर्वे यांचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. सोमण गुरुजींचे नाव फार थोड्यांना. त्यांनी विद्यापीठ काढले नाही. त्यांनी एका लाजाळू मुलाच्या हाती वर्तमानपत्र दिले आणि ‘वाच’ म्हणून सांगितले. पण तेवढ्यानेच पुष्कळ झाले.

अभ्यास

शब्दार्थ : पुळण – समुद्रकाठची वाळूची जागा. विरळा – क्वचित आढळणारा. तागडी – तराजू. अंगकाठी – शरीराचा बांधा. ऋण – कर्ज, उपकार.

प्रश्न :
१. दुर्गादेवीच्या देवळातील वाचन नेहमीच्या पुराणाहून कसे निराळे होते?
२. गावचे दुकान टिकले नाही, तरी धोंडोला त्यापासून काय लाभ झाला?
३. धोंडोला साताऱ्यास परीक्षेस का बसू दिले नाही?
४. ‘काम बुडाले म्हणून शिक्षण बुडाले नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत वापरा : आयुष्य वेचणे, कमीपणा वाटणे, मन कळवळणे, स्वतःच्या पायांवर उभे करणे.

उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांनी दिसत नाही, अशा एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीस आठवडाभर वर्तमानपत्र वाचून दाखवा. त्यांनी कोणते प्रश्न विचारले आणि त्यांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे तुम्हांला देता आली नाहीत, ते वहीत लिहा. ती उत्तरे गुरुजींना विचारून पुन्हा त्यांच्याकडे जा.