सेवेचा हेतू आणि त्याची परीक्षा

पूर आला, वादळ झाले, यात्रा भरली की स्वयंसेवक पुढे येतात, आणि ते उचितच आहे. परंतु शास्त्रविचार क्रियेपाशी थांबत नाही. क्रियेच्या मुळाशी कोणता हेतू आहे, हे तो विचारतो. बाहेरून एकच दिसणारी क्रिया करणाऱ्याच्या भावानुसार भिन्न फळ देते, हा सिद्धांत साधकांस परिचित आहे. सेवेच्या ठिकाणी त्याचा विनियोग कसा करावा, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

दृष्टांत : मालवणच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडी होड्या पाण्याबाहेर ओढून उंच जागी ठेवतात. होडी जड, वाळू ओली. चार-दोन माणसांचे हे काम नव्हे. तेव्हा आसपासची माणसे हात लावतात. त्यांत तीन पुरुष कल्पावेत. पहिला येतो तो उद्या आपलीही होडी ओढावयाची आहे म्हणून. दुसरा येतो तो किनाऱ्यावर पाहणारे उभे आहेत म्हणून. तिसरा येतो तो समुद्र चढतो आहे आणि होडी अजून पाण्यात आहे म्हणून. होडीला तिघांचा भेद कळत नाही. ती तिघांच्याही बळाने वर येते. मग भेद केव्हा कळतो? पाहणारे निघून गेले की दुसऱ्याचा हात सैल होतो. होडी जागेवर बसली की तिसरा हात झटकून घरी जातो. दुसरा मात्र होडीजवळच रेंगाळतो.

दार्ष्टांतिक : होडी म्हणजे दुसऱ्याची नड. पहिल्याची सेवा हा व्यवहार आहे. तो निंद्य नाही, पण त्यास सेवा म्हणू नये. दुसऱ्याची सेवा मानाच्या इच्छेतून निघते. तिच्यातील सूक्ष्म दोष असा की, अशा सेवकास दुसऱ्याची नड संपलेली नको असते. नड संपली तर त्याचा मानही संपतो. तिसऱ्यास केवळ नड दूर व्हावयास हवी असते. ती दूर झाली की आपली गरज उरली नाही, यातच त्याचे समाधान असते.

याचे उदाहरण याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. तेथे मैला साफ करण्याचे काम विशिष्ट जातीच्या बंद्यांकडूनच करून घेत. अप्पांनी ते काम आपणांस मिळावे अशी मागणी केली. ते जन्माने ब्राह्मण असल्यामुळे ती नाकारण्यात आली, तेव्हा त्यांनी अन्न कमी केले. हे कळताच येरवड्याच्या तुरुंगात महात्मा गांधींनी डिसेंबर १९३२ मध्ये त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. शासनाकडून आश्वासन मिळाल्यावर ते सोडले.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, एकच काम स्वेच्छेने करणारास लोक त्यागी म्हणतात आणि जन्माने ते ज्याच्या माथी मारले गेले त्यास हीन मानतात. स्वयंसेवक ते केव्हाही सोडू शकतो. दुसऱ्यास सोडण्याची मुभा नसते. अप्पा हाती झाडू घेण्यातच धन्यता मानून राहिले असते, तर त्यांस कीर्ती मिळाली असती, पण मैला वाहणारा वाहतच राहिला असता. पुढे कणकवलीस गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले, म्हणजे कोणा माणसाने मैला डोक्यावरून वाहावयासच नको. अंतःकरण कोणी कोणाचे पाहिलेले नाही; परंतु कृतीचा कल दिसतो. तो नड टिकविण्याकडे नव्हता, संपविण्याकडे होता. हाताने मैला साफ करविण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले. आचरण मात्र कायद्याच्या मागेच राहिले आहे.

शंका : हेतू शुद्ध नसेल तर सेवा करूच नये काय?

समाधान : असे नव्हे. आपले मन शुद्ध होईपर्यंत होडी पाण्यात ठेवणे हा होडीवाल्यावर अन्याय होय. हात लावावा आणि लावताना मन तपासावे. मानाची इच्छा दिसली तर सेवा सोडू नये, इच्छा सोडावी. आणि ही तपासणी आपल्याच मनाची करावी. शेजाऱ्याच्या हेतूची चिकित्सा करीत बसणाराचा हात होडीला लागत नाही.

ही परीक्षा आश्रमातही लागू आहे. महंतांच्या पायाशी बसण्यास पुष्कळ जण पुढे येतात. ओसरीच्या कोपऱ्यात अंथरुणास खिळलेल्या वृद्ध तपस्विनीचे मळलेले वस्त्र धुण्यास किती येतात? तेथे पाहणारा कोणी नसतो, आणि ती स्तुती करील इतके बळही तिच्यात उरलेले नसते. वासनिकांनीही पंगतीत वाढताना आणि पंगत उठल्यावर पात्रे घासताना आपले मन सारखेच राहते काय, हे पाहावे.

तात्पर्य, सेवेची परीक्षा दोन ठिकाणी होते : पाहणारा नसताना, आणि नड संपल्यावर. पहिल्या ठिकाणी हात टिकला पाहिजे व दुसऱ्या ठिकाणी तो सुटला पाहिजे. दोन्ही साधले तर ती सेवा साधकास पुढे नेते. एरव्ही काम होते, पण करणारा होता तेथेच राहतो.