ऑपरेशननंतर मागे राहणारी ठणक : शेक आणि हालचाल



गळीत हंगाम आटोपला की आपल्याकडे दोन कामे हमखास निघतात. एक लग्नकार्य आणि दुसरे वर्षभर पुढे ढकललेले ऑपरेशन. त्यातही हर्नियाचे, म्हणजे अंतर्गळाचे, ऑपरेशन पुष्कळांचे होते.

असेच एक जाणते सभासद. ऑपरेशन झाले, टाके निघाले, जखम भरली. पण चार महिने झाले तरी जांघेत आग, मधूनच विजेसारखा झटका, धोतराचा काठ लागला तरी चमक. घरात कोणी म्हणे ऑपरेशन फसलं, कोणी म्हणे नुसता बहाणा. गडी खाटेवरून उठेना. शेवटी कुणीतरी तापलेली वीट फडक्यात गुंडाळून शेक दिला. जांघेची कातडी बधिर, चटका कळलाच नाही. सकाळी बघतात तर मोठा फोड! पुढचे सहा आठवडे त्या भाजण्यात गेले. शेक देण्याचा विचार चुकीचा नव्हता, पद्धत चुकली. म्हणून हा पाठ.

१) दुखणे मागे का राहते?

ऑपरेशनमध्ये कातडीखालच्या बारीक नसा कापल्या, ताणल्या किंवा दबल्या जातात. इथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, तर संवेदना नेणारा मज्जातंतू. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून खोडव्याचे कोंब फुटतात, तशी कापलेली नसही पुन्हा वाढू लागते. तिचा वेग मात्र फार कमी, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. हे नवे कोंब नाजूक असतात. काही कारण नसताना ते मेंदूकडे 'दुखतंय' अशी वर्दी देत राहतात. त्यामुळे आग, मुंग्या, झटके, बधिरपणा हे सगळे एकाच जागी असू शकते.

हा बहाणा नाही आणि प्रत्येक वेळी ऑपरेशन फसले असेही नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत स्वतंत्र जागा आहे.

२) शेकाने काय होते?

दुखऱ्या जागेभोवतीचे स्नायू आपण नकळत आवळून धरतो. ऊब मिळाली की ते सैल होतात, तिथले रक्ताभिसरण वाढते आणि हालचाल सोपी जाते. शेकाने नस सांधत नाही. ती आपल्या गतीनेच भरणार. शेक म्हणजे हालचालीआधीची मशागत समजा.

आता तुम्ही म्हणाल, जास्त गरम तर जास्त गुण! तसे नाही. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे उष्णतेचीच वेदना सुरू होते. ही उष्णता ओळखणारा नसांमधला भाग शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणून शेक कोमट हवा, कढत नको.

३) शेक देण्याची पद्धत

(अ) जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करावे. लाली, सूज, पू असेल तर शेक नाही.

(आ) आधी कापसाने जागा तपासा. मग एक चमचा गार पाण्यात, दुसरा कोमट पाण्यात बुडवून लावा. डोळे मिटून गार-कोमट ओळखता येत नसेल, तर तिथे शेक देऊ नका. नुसते उबदार कापड पुरे. मधुमेह असणाऱ्यांनी ही काळजी दुप्पट घ्यावी.

(इ) कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल किंवा टॉवेलात गुंडाळलेली रबरी पिशवी घ्यावी. आधी चांगल्या हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावी.

(ई) एका वेळी १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. मध्येच कातडी बघावी. शेक घेता घेता झोपू नये. मलम चोळून वर शेक नको. वीट, तवा, निखारे अजिबात नकोत.

(उ) काहींची आग उबेने वाढते. त्यांनी शेक सोडून द्यावा.

४) हालचाल का आणि कशी?

नस आजूबाजूच्या मांसात थोडी सरकती असते. पडून राहिले की भोवतालचा भाग आखडतो, स्नायू उतरतात, मन धास्तावते. शिवाय १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडले की पाठीच्या कण्यात वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते. स्पर्श आणि हालचालीच्या वर्द्या आल्या की ते दार थोडे मिटते. पाटाचे दार खाली केल्यावर सरीत पाणी कमी येते, तसेच हे. पुढे या विचारात पुष्कळ भर पडली, पण मुद्दा टिकून आहे.

शेकानंतर उताणे निजून गुडघे वाकवा. पोटाने दहा संथ श्वास घ्या. मग एकेक टाच हळू सरकवत पाय लांब करा आणि परत घ्या, पाच-पाच वेळा. त्यानंतर सपाट वाटेने पाच ते दहा मिनिटे चाला. दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटे वाढवा. कपड्याचा स्पर्श सोसत नसेल तर आधी कापूस, मग मऊ धोतर, मग टॉवेल असे रोज थोडा वेळ हलके फिरवा.

हिशेब सोपा आहे. हालचालीनंतरची कळ थोड्या वेळात शमली तर ठीक. दुसऱ्या सकाळी दुखणे वाढलेले असेल तर निम्मे करा, पण बंद करू नका. बरे वाटले म्हणून एकदम मोळी उचलायची आणि पुढे चार दिवस आडवे व्हायचे, ही आपली खोड सोडावी. जड ओझे सर्जनने परवानगी दिल्यावरच.

५) डॉक्टरांकडे केव्हा?

ताप, पू किंवा वाढती लाली, जांघेत पुन्हा दुखरा गोळा व उलट्या, पोटरी सुजून दम लागणे, पाठीच्या ऑपरेशननंतर पायातले बळ जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तीन महिन्यांनंतरही ठणक असेल तर पुन्हा दाखवा. नसेच्या दुखण्याची औषधे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांपेक्षा वेगळी असतात. ती दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

घरच्या मंडळींना एकच विनंती. दुखणाऱ्याला 'उठ की आता' असे टोचून बोलू नका आणि 'पडून रहा' असेही म्हणू नका. संध्याकाळी बांधापर्यंत त्याच्या सोबतीने चाला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना हा पाठ वाचून दाखवा.