तटबंदीच्या आतला धोका

दौलताबादचा किल्ला आपण सगळ्यांनीच पाहिलाय. खंदक, अंधारी, मेंढा तोफ, सगळीकडे फोटोही काढलेत. पण असा बळकट किल्ला १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे का झुकला? वेढा पडल्यावर कोठारातली पोती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. म्हणजे भिंती शाबूत होत्या, उणीव आत होती. देशाच्या सुरक्षेचंही तसंच आहे. अशाच एका आतल्या उणिवेबद्दल, म्हणजे मुलींच्या घटलेल्या संख्येबद्दल मी लिहितोय.

आधी आकडे पाहू. निसर्गतः दर १००० मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. २०११ च्या जनगणनेत ० ते ६ वयोगटात हे प्रमाण महाराष्ट्रात ८९४, आपल्या (तेव्हाच्या औरंगाबाद) जिल्ह्यात ८५८ आणि शेजारच्या बीडमध्ये फक्त ८०७ होतं.

आता याचा सुरक्षेशी काय संबंध? व्हॅलेरी हडसन आणि आंद्रिया डेन बोअर या दोन अभ्यासकांनी २००४ च्या पुस्तकात हाच प्रश्न मांडला. चीनमध्ये लग्न न झालेल्या पुरुषांना ‘बोडक्या फांद्या’ म्हणतात. १८५१ ते १८६८ या काळात उत्तर चीनमध्ये निएन बंड झालं, त्यामागे दुष्काळाबरोबरच मुलींच्या हत्येमुळे वाढलेले अविवाहित तरुणही होते, असं त्या म्हणतात. मुली कमी पडल्या की लग्नावाचून कोण राहतं? ज्याच्याकडे नोकरी नाही, जमीन नाही तोच. घरदार नसलेला हा तरुण टोळीच्या, दंगलीच्या हाती सहज लागतो. दुसरीकडे बायकांची खरेदी-विक्री वाढते. म्यानमारमधून चीनमध्ये मुली विकल्या जातात, म्हणजे प्रश्न सरहद्दही ओलांडतो.

अर्थात सगळेच अभ्यासक हे मान्य करत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. अविवाहित म्हणजे गुंड नव्हे! बेकारी, शेतीची दुरवस्था यांची जोड मिळते तेव्हाच ठिणगी पडते. पण ती जोड आपल्याकडे आहेच की. ‘शेती पाहिजे, पण शेतकरी नवरा नको’ हे गावोगाव ऐकू येतं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं यंत्र जोडलं गेलं, आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. मशीन इंजिनिअरच बनवतो आणि तिच्यावर पहारा ठेवणारं यंत्रही तोच बनवतो. पण घरातल्या माणसाच्या मनावर पहारा कोण ठेवणार?

२०११ च्या त्या रकान्यातली मुलं आता मोठी झालीत. काही अकरावी-बारावीला आहेत, काही आपल्याच होस्टेलच्या रूममध्ये. तो ८५८ चा आकडा म्हणजे आपलीच बॅच आहे. उद्या आपल्या घरात कुणी ‘मुलगा की मुलगी’ हे बघायला निघालं, तर पहिलं ‘नाही’ आपल्याच तोंडून यायला हवं.