स्पीकर आधी, रिसीव्हर नंतर : ओहमच्या नियमाचा एक पाठ



शाळेसाठी लोकवर्गणीतून साउंड घ्यायचा ठरला, की पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा?" आमचंही तसंच झालं. एका पालकांनी घरचे दोन मोठे स्पीकर शाळेला दिले. वर्गणीतून होम थिएटरचा रिसीव्हर घेतला. स्नेहसंमेलनात नृत्य रंगात आलं, आवाज वाढवला आणि रिसीव्हर बंद पडला. मुली स्टेजवर तशाच उभ्या. स्पीकर देणारे पालक खाली मान घालून बसले. त्यांना वाटलं, आपलीच वस्तू खराब निघाली.

खरं तर स्पीकरही चांगले होते आणि रिसीव्हरही. जोडी जुळली नव्हती.

ओहम म्हणजे काय?

जॉर्ज ओहम यांनी 1827 मध्ये मांडलेला नियम आपण मुलांना शिकवतो. विभवांतर तेच ठेवून रोध निम्मा केला, तर धारा दुप्पट होते. धानाच्या बांधीचं तोंड रुंद केलं की पाणी जास्त वाहतं, तसंच हे. पण तेवढं पाणी पुरवायला मागे मोटरही दमदार हवी ना!

हिशेब करून बघा. रिसीव्हरने 20 व्होल्ट दिले, तर
- 8 ओहमच्या स्पीकरमधून 2.5 अँपिअर धारा, म्हणजे 50 वॅट.
- 4 ओहमच्या स्पीकरमधून 5 अँपिअर धारा, म्हणजे 100 वॅट.

आमच्या रिसीव्हरच्या मागे "6 ते 16 ओहम" लिहिलं होतं. स्पीकर होते 4 ओहमचे. आवाज वाढवताच धारा वाढली, रिसीव्हर तापला आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद झाला.

दुसरा आकडा : डेसिबल

स्पीकरला 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती आवाज येतो, ते या आकड्यावरून कळतं. 3 डेसिबल कमी असले, तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे 90 डेसिबलच्या स्पीकरला जिथे 50 वॅट पुरतात, तिथे 84 डेसिबलच्या स्पीकरला 200 वॅट लागतील. ओहम कमी आणि डेसिबलही कमी, असा स्पीकर चालवायला सगळ्यात अवघड.

खरेदीआधी हे बघा

1. आधी स्पीकरच्या मागचं लेबल वाचा, मग रिसीव्हर निवडा. 4 ओहमचे स्पीकर असतील, तर रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत 4 ओहमला परवानगी आहे का ते पाहा.
2. खोक्यावरचा मोठा वॅटचा आकडा बऱ्याचदा एकाच चॅनेलवर मोजलेला असतो. "दोन चॅनेल चालू, 20 ते 20,000 हर्ट्झ" असा आकडा विचारा.
3. एकाच चॅनेलवर 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, तर 4 ओहम होतात. "अजून एक लावून टाकू" म्हणण्याआधी हे आठवा. एकसर जोडले तर 16 होतात.
4. भोंग्यांच्या ॲम्प्लिफायरवर 100 व्होल्टची वेगळी लाइन असते. घरचा स्पीकर तिथे कधीच लावू नका.
5. रिसीव्हरला वर आणि बाजूंनी हवा मिळू द्या. त्यावर कापड झाकू नका.

वर्गातला प्रयोग

वरच्या वर्गांसाठी : रिसीव्हर बंद करा, स्पीकरच्या वायर काढा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. वाचन लेबलपेक्षा थोडं कमी येतं, त्याने गोंधळू नका. मग दोन स्पीकर समांतर आणि एकसर जोडून मोजा. सूत्र पाठ करण्याऐवजी मुलं ते डोळ्यांनी बघतात.

आम्ही हा प्रयोग पालकसभेत केला. त्या पालकांनी स्वतः मल्टिमीटर धरला. काटा 3 ओहमच्या आसपास थांबला. "म्हणजे माझे स्पीकर खराब नाहीत तर!" ते म्हणाले. नवा रिसीव्हर घ्यायचा बेत तिथेच रद्द झाला. शाळेसाठी 8 ओहमचे साधे स्पीकर घेतले आणि त्यांचे स्पीकर मानाने परत केले.

वर्गणीचा एकेक रुपया कुणाच्या तरी मजुरीचा असतो. खर्च करण्याआधी दोन लेबलं वाचायला पाच मिनिटं लागतात, तेवढी नक्की काढा.