संशय कर्नलवर, दोष रॅमचा

२०२२ च्या ऑक्टोबरात लिनस टॉरवाल्ड्स यांचा रोजच्या कामाचा डेस्कटॉप अचानक दगा देऊ लागला. लिनक्सच्या ६.१ आवृत्तीसाठी आलेले बदल एकत्र करण्याचे ऐन घाईचे दिवस होते. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, बांधणी कधी इथे तुटे, कधी तिथे. कधी कंपायलरच कोसळे. ज्यांनी १९९१ साली लिनक्सला जन्म दिला, त्यांचा पहिला संशय साहजिकच नव्या कर्नलवर गेला. दोष निघाला रॅमच्या एका पट्टीत. अडीच वर्षे बिनतक्रार चाललेल्या मशीनमधली ती पट्टी होती.

टॉरवाल्ड्स यांनी शोध कसा घेतला, हे समजून घेण्यासारखे आहे. आधी त्यांनी खात्रीचा, जुना कर्नल चालवून पाहिला. बिघाड कायम, म्हणजे नवा कोड सुटला. मग रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवले आणि चोर सापडला. नवी रॅम येईपर्यंत बरेचसे काम त्यांनी लॅपटॉपवर रेटले.

खराब रॅम ओळखणे अवघड का जाते? तिच्यातल्या बिघडलेल्या जागेत आज ब्राउझरची माहिती बसते, उद्या एखाद्या ड्रायव्हरची, परवा तुमच्या हिशेबाच्या फाइलची. त्यामुळे विंडोज कोसळल्यावर पडद्यावर दिसणारे बिघाडाचे नाव दर वेळी बदलते: कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर तपासावा. पण नावे बदलत राहिली, झिपच्या फाइली उघडताना मोडक्या निघू लागल्या, की रॅमकडे वळावे.

आपल्याकडे अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारू’ हा. हा सल्ला घातक आहे. नवे विंडोज टाकताना प्रत्येक फाइल त्याच खराब रॅममधून जाते, म्हणजे नवी घडीही पहिल्या दिवसापासून बिघडलेली असू शकते. शिवाय चालू मशीनवरून रोजचा बॅकअप घेत राहिलात, तर चांगल्या प्रतीवर सडकी प्रत चढते. म्हणून जुन्या बॅकअपला हात लावू नका. आत्ताची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि तपास संपेपर्यंत त्या मशीनवर महत्त्वाचे काही लिहू नका.

तपासाआधी बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करावे. हे प्रोफाइल रॅमला तिच्या मूळ प्रमाणित वेगापेक्षा जास्त पळवते, आणि काही वेळा तक्रार तेवढ्यानेच थांबते. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवावे. विंडोजची स्वतःची चाचणीही आहे, पण ती स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नये. याउलट मेमटेस्टमध्ये एकच चूक दिसली तरी ती पुरेशी समजावी.

पुढचे काम चिकाटीचे. वीज तोडून, वायर काढून, धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. मग एकाच स्लॉटमध्ये एकेक पट्टी लावून चाचणी घ्यावी. पट्टीबरोबर चूक फिरली तर पट्टी खराब. चांगली ठरलेली पट्टी इतर स्लॉटांतही लावून पाहावी; ती एखाद्याच स्लॉटमध्ये चुकू लागली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरकडे पाहावे लागेल. सगळे निर्दोष ठरले तर एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आणि तापमान तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारले ते कळतच नाही.

‘एखादी चूक आली, चालवून घेऊ’ असे म्हणणाऱ्यांनी २००९ चा अभ्यास आठवावा. गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या दोन संशोधकांना दिसले, की वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत चुका झाल्या. आणि जी एकदा चुकली ती पुन्हा चुकण्याची शक्यता खूप वाढते. त्या सर्व्हरांत ईसीसी रॅम होती. ती एका बिटाची चूक जागीच दुरुस्त करते. घरच्या बहुतेक संगणकांत ही सोय नसते. टॉरवाल्ड्स यांच्या त्या मशीनमध्येही नव्हती, आणि ईसीसी सामान्य ग्राहकापासून दूर ठेवल्याबद्दल २०२१ च्या जानेवारीत त्यांनी इंटेलवर कडक टीका केली होती. ती रास्तच होती.

पट्टी बदलण्याआधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्या रॅमला दीर्घ मुदतीची वॉरंटी देतात. बदलल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ चालवून विंडोजच्या फाइली तपासा. त्यानंतर बिघाडाच्या काळात जतन केलेले फोटो, टॅलीचा डेटा, झिप फाइली एकेक उघडून जुन्या बॅकअपशी ताडून पाहा.